व्हर्च्युअल वाद्यं वाजवणं आणि रेकॉर्ड करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणकावर पियानो, व्हायोलिन किंवा सिंथ वाजवू लागलं की पहिल्या काही आठवड्यांत जवळजवळ प्रत्येकाला तेच ते प्रश्न पडतात. उत्तरं वाचताना एक साखळी डोळ्यांपुढे ठेवा: बोट पट्टीवर पडतं, कीबोर्ड मिडी संदेश (कुठली पट्टी किती जोरात दाबली याचा निरोप) पाठवतो, वाद्याचं सॉफ्टवेअर त्या संदेशातून आवाज बनवतं आणि साउंडकार्ड तो आवाज बाहेर काढतं. अडचण कुठल्या कडीत आहे हे आधी ठरवा. उपाय शोधायला मग फार वेळ लागत नाही.

व्हर्च्युअल वाद्य म्हणजे नेमकं काय?

सुरांचे संदेश घेऊन आवाज तयार करणारं सॉफ्टवेअर. यात दोन मोठ्या जाती आहेत. सॅम्पलवर, म्हणजे आधी मुद्रित केलेल्या आवाजांवर, चालणाऱ्या वाद्यात खऱ्या पियानोची एकेक पट्टी हळू, मध्यम, जोरात अशी वाजवून मुद्रित केलेली असते आणि तुम्ही जशी पट्टी दाबाल तसं त्यातलं योग्य मुद्रण वाजतं. असा एक पियानो कित्येक गिगाबाइट जागा सहज खातो. सिंथेसायझर मात्र आधी मुद्रित केलेलं काही वाजवत नाही, लहरी जागच्या जागी तयार करतो. तारेचं किंवा हवेच्या स्तंभाचं कंपन गणिताने उभं करणारी तिसरीही एक जात आहे. ती जागा फारच कमी घेते, प्रोसेसर मात्र जास्त.

स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी, म्हणजे प्लगइनचं (मोठ्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमचं) स्वरूप, आणलं तेव्हा त्यात फक्त आवाजावर प्रक्रिया करणारे इफेक्ट होते. १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्लगइनला मिडी कळू लागलं आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या आत बसणारी वाद्यं सुरू झाली.

मी रेकॉर्ड करतो तेव्हा आवाज रेकॉर्ड होतो का?

नाही. हे नीट समजून घ्या, कारण पुढची बरीच उत्तरं यावरच उभी आहेत.

मधला सी दाबला की कीबोर्डकडून एवढाच निरोप जातो: चॅनल १, सूर ६०, जोर ८३. बोट उचललं की दुसरा निरोप: सूर ६० बंद. मिडीची ही पद्धत १९८३ पासून फारशी बदललेली नाही. सूर ० ते १२७, जोर म्हणजे व्हेलॉसिटीही ० ते १२७, आणि चॅनल १६. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर (पुढे नुसतं 'सॉफ्टवेअर' म्हटलं आहे ते हेच) हे निरोप वेळेसकट टिपून ठेवतं आणि पियानो रोलवर आडव्या पट्ट्यांसारखे दाखवतं. पाच मिनिटांच्या वादनाची मिडी फाइल काही किलोबाइटांत मावते, ती त्यामुळेच. (काही सॉफ्टवेअरमध्ये सूर ६० ला सी३ म्हणतात, काहींत सी४. सूर तोच असतो, त्यामुळे कोणी सांगितलेला सूर एक सप्तक खाली वाजला तर घाबरू नका.)

फायदा उघड आहे. चुकलेला सूर माउसने सरकवता येतो, लय नंतर वाढवता येते, पियानोच्या जागी बासरी लावता येते. पण हे ऐकून लोक फार निर्धास्त होतात. वाजवताना कानाला जो आवाज येत असतो, त्याप्रमाणे हात वागतो. मऊ, दबक्या पियानोवर वाजवताना तुम्ही नकळत जोर लावता. नंतर तेच वादन एखाद्या चकचकीत पियानोला जोडलं तर ते आदळआपट केल्यासारखं ऐकू येतं. तेव्हा शेवटी जो आवाज हवा आहे, निदान त्याच्या जवळचा आवाज लावूनच वाजवा.

पट्टी दाबतो, पण आवाजच येत नाही. कुठून बघू?

साखळीच्या सुरुवातीपासून.

ट्रॅकवर मिडीचा दिवा किंवा मीटर हलतो का? हलत नसेल तर सॉफ्टवेअरपर्यंत संदेशच पोचत नाही. सेटिंगमध्ये कीबोर्ड इनपुट म्हणून चालू केलेला आहे का ते पाहा. सॉफ्टवेअर उघडल्यानंतर केबल जोडली असेल तर काही सॉफ्टवेअरना पुन्हा सुरू केल्याशिवाय कीबोर्ड दिसत नाही. ट्रॅक आर्म केला (रेकॉर्डिंगसाठी सज्ज केला) आहे ना, मॉनिटरिंग (वाजवतानाच आवाज ऐकू येण्याची सोय) चालू आहे ना, आणि ट्रॅक ऑडिओचा नसून इन्स्ट्रुमेंटचाच आहे ना, हेही बघून घ्या. शेवटची चूक फार जण करतात.

मिडी हलतं, पण वाद्याच्या आउटपुटचं मीटर शांत आहे? मग गडबड वाद्यात आहे. वाद्य उघडून त्याच्या पडद्यावरच्या पट्ट्या हलतात का बघा. हलत असतील आणि आवाज नसेल तर सॅम्पल सापडलेले नसतात, किंवा तुम्ही त्या वाद्याच्या पल्ल्याबाहेरचा सूर दाबत असता. व्हायोलिनला सूर ५५ च्या खाली काही नसतं. ऑर्केस्ट्राच्या संचांत अगदी खालच्या पट्ट्या वादनप्रकार बदलण्यासाठी राखून ठेवलेल्या असतात. त्यांना कीस्विच म्हणतात आणि त्या दाबल्या की काहीच वाजत नाही. चॅनलही तपासा: वाद्य चॅनल २ ऐकत असेल आणि कीबोर्ड १ वर पाठवत असेल तर दोघांची गाठ पडणार नाही.

आउटपुटचं मीटरही हलतंय? मग वाद्य आणि मिडी दोन्ही निर्दोष आहेत. आवाज चुकीच्या साउंडकार्डकडे चालला आहे, किंवा दुसऱ्या एखाद्या ट्रॅकवर सोलो (तो एकच ट्रॅक ऐकवणारं बटण) दाबलेलं राहून गेलंय.

आवाज उशिरा येतो. पट्टी दाबल्यावर क्षणभराने सूर ऐकू येतो.

याला लेटन्सी म्हणतात आणि बहुतेक वेळा तिचं मूळ बफरमध्ये असतं. संगणक आवाजाचा एकेक नमुना (एका क्षणाचं मोजमाप) सुटा पाठवत नाही. काही नमुन्यांचा गठ्ठा तयार करतो आणि मग पाठवतो. त्या गठ्ठ्याचं माप म्हणजे बफर. हिशोब सोपा आहे: बफरला सॅम्पल रेटने, म्हणजे सेकंदाला किती नमुने त्या आकड्याने, भागा. ४४,१०० च्या रेटला ६४ नमुने म्हणजे सुमारे १.५ मिलिसेकंद, १२८ म्हणजे २.९, २५६ म्हणजे ५.८, ५१२ म्हणजे ११.६ आणि १,०२४ म्हणजे २३ च्या पुढे. यात ड्रायव्हरचा आणि यंत्राचा आणखी थोडा वेळ मिळवावा लागतो.

किती चालतं? हवेत आवाज एका मीटरला साधारण ३ मिलिसेकंद घेतो, म्हणजे तीन मीटरवर ठेवलेला ॲम्प्लिफायर ऐकणारा गिटारवादक ९ मिलिसेकंदांचा उशीर रोज सहन करतो आणि त्याची तक्रार नसते. एकूण १० च्या आत असेल तर बहुतेकांना खटकत नाही. द्रुत लयीत तालवाद्य वाजवणाऱ्याला मात्र त्याहूनही कमी हवा असतो. वाजवताना १२८ ठेवा, मिक्स करताना ५१२ किंवा १,०२४. बफर ही एकदाच लावून विसरण्याची गोष्ट नाही, काम बदललं की तीही बदलायची.

विंडोजवर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. साध्या ड्रायव्हरवर बफर कितीही कमी केला तरी उशीर हटत नाही. ऑडिओ इंटरफेस (बाहेरून जोडायचं साउंडकार्ड) असेल तर त्याच्या निर्मात्याचा एएसआयओ, म्हणजे कमी उशिराचा, ड्रायव्हर निवडा. वेगळा इंटरफेस नसेल तर एएसआयओफोरऑल हा मोफत पर्याय बऱ्याच संगणकांवर काम भागवतो. मॅकवर कोअर ऑडिओ ही आवाजाची अंगभूत व्यवस्था मुळातच ठीक असते. ब्लूटूथ हेडफोन मात्र काढून ठेवा. त्यांचा उशीर १०० मिलिसेकंदांच्या पुढे सहज जातो आणि कुठल्याही सेटिंगने तो जात नाही. वाजवायला वायरचा हेडफोनच हवा.

बफर ६४ केला तरी उशीर तसाच आहे!

मग मास्टर ट्रॅक, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तो, उघडून बघा. तिथे लिनिअर फेज इक्वलायझर, पुढचं आधी वाचणारा लिमिटर किंवा मास्टरिंगची अख्खी साखळी बसलेली असेल. अशा प्लगइनना पुढचा आवाज आधी हातात हवा असतो, म्हणून ते सगळ्याच ट्रॅकना मागे खेचतात आणि सॉफ्टवेअर निमूटपणे सगळं एका रेषेत आणतं. वाजवताना ते बंद करा. कित्येक सॉफ्टवेअरमध्ये लो लेटन्सी मोडचं बटण असतं, ते हेच काम करतं. सुरुवातीपासून मास्टरवर भारंभार प्लगइन लावून काम करायची सवय मला तरी पटत नाही, आणि हा उशीर त्यामागचं एक मोठं कारण आहे.

उशिरासकट वाजवलं तर रेकॉर्डिंग बिघडतं का?

बिघडतं, पण उलट्या बाजूने. मिडीवर वेळेचा शिक्का पट्टी दाबल्याच्या क्षणाचा बसतो, आवाज ऐकू आल्याच्या क्षणाचा नाही. तेव्हा तत्त्वतः वादन जागच्या जागी असायला हवं. पण माणूस कानाने वाजवतो. आवाज उशिरा येतोय हे कळलं की हात आपोआप घाई करतो, आणि नंतर पियानो रोलवर सगळे सूर मात्रेच्या किंचित आधी दिसतात. सगळे सूर सारख्याच अंतराने आधी असतील तर सगळे निवडून एकदम उजवीकडे सरकवा. सुटं सुटं दुरुस्त करत बसू नका.

कीबोर्ड नाही. संगणकाच्या बटणांवर वाजवलं तर?

कल्पना टिपून ठेवायला चालेल. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ए, एस, डी, एफ ही ओळ पांढऱ्या पट्ट्यांची आणि वरची डब्ल्यू, ई, टी, वाय, यू ही काळ्या पट्ट्यांची असते. अडचणी दोन. बटणाला जोर कळत नाही, त्यामुळे प्रत्येक सूर एकाच व्हेलॉसिटीने लागतो. शिवाय साध्या कीबोर्डवर तीन-चार बटणं एकदम दाबली की एखादं नोंदलंच जात नाही, म्हणून मोठे कॉर्ड अर्धवट येतात. ढोलकासारख्या ठेक्यासाठी किंवा बेससाठी ठीक, पियानोसाठी नाही.

मग कीबोर्ड घेताना काय पाहू?

पट्ट्यांना जोर कळतो का, हे पहिलं. पिच बेंड (सूर वर-खाली ओढणारं) आणि मॉड्युलेशन (आवाजाचा पोत बदलणारं) ही चाकं आहेत का, हे दुसरं. सस्टेन पेडल (बोट उचललं तरी सूर लांबवणारं) जोडायला जागा आहे का, हे तिसरं. पट्ट्यांची संख्या त्यानंतर. २५ पट्ट्यांवर एका हाताचं काम होतं, ४९ वर दोन हात कसेबसे बसतात, ६१ वर बहुतेक गाणी निघतात. पियानो शिकलेल्या माणसाने ८८ वजनदार पट्ट्या घ्याव्यात, नाहीतर त्याला रोज चिडचिड होईल. ढीगभर गोल बटणांना आणि रंगीत पॅडना भुलू नका, पहिल्या वर्षात ती फारशी वापरली जात नाहीत.

वेगळा ऑडिओ इंटरफेस मात्र फक्त व्हर्च्युअल वाद्यं वाजवायला लागतोच असं नाही. गाणं किंवा गिटार माइकवरून घ्यायची असेल तेव्हा घ्या.

माझा जुना कीबोर्ड यूएसबीने जोडला, तर प्रत्येक सूर दोनदा वाजतो.

कीबोर्डचा स्वतःचा आवाज आणि सॉफ्टवेअरचा आवाज एकाच वेळी येतोय. कीबोर्डच्या मेनूत लोकल कंट्रोल शोधून बंद करा. म्हणजे पट्ट्या फक्त संदेश पाठवतील. सॉफ्टवेअरने तोच संदेश परत कीबोर्डकडे पाठवला तरीही सूर जोडीने, पोकळ, फिरत असल्यासारखा लागतो. अशा वेळी त्या कीबोर्डकडे जाणारं मिडी आउटपुट बंद करा.

पहिलाच सूर रेकॉर्ड होत नाही.

समेवर पडायच्या उत्साहात तुम्ही तो काही मिलिसेकंद आधी वाजवता आणि रेकॉर्डिंग त्यानंतर सुरू होतं. एक किंवा दोन आवर्तनांचा काउंट-इन (रेकॉर्डिंगआधी वाजणारी मोजणी) ठेवा. तरीही होत असेल तर गाणं पहिल्या बारवर सुरू न करता दुसऱ्या किंवा तिसऱ्या बारवर सुरू करा आणि रेकॉर्डिंग त्याच्या आधीपासून चालू ठेवा. पुढे मिक्समध्येही ही मोकळी जागा उपयोगी पडते.

रेकॉर्ड न दाबता सहज काहीतरी छान वाजवलं. गेलं का ते?

बहुधा नाही. एबलटन लाइव्हमध्ये कॅप्चर मिडी आहे, लॉजिकमध्ये शिफ्ट आणि आर, क्यूबेसमध्ये रेट्रोस्पेक्टिव्ह रेकॉर्ड, एफएल स्टुडिओत टूल्स मेनूतला स्कोअर लॉग. ट्रॅक आर्म केलेला असेल तर मघाशी वाजवलेलं हे सगळे परत आणून देतात. लाल बटण दिसलं की हात आखडणाऱ्यांना तर हे वरदान आहे. बटणाकडे बघायचंच नाही, वाजवत राहायचं, आणि जमलं की उचलायचं.

लूपमध्ये रेकॉर्ड केलं तर मागचं पुसलं जातं.

तुमचं सॉफ्टवेअर रिप्लेस मोडमध्ये आहे. मर्ज किंवा ओव्हरडब निवडलंत तर प्रत्येक फेरीत नवे सूर जुन्यांवर चढत जातात. ठेका असाच बसवतात: पहिल्या फेरीत किक, दुसरीत स्नेअर, तिसरीत हाय-हॅट. जनरल मिडीच्या मांडणीत किक ३६ वर, स्नेअर ३८ वर आणि बंद हाय-हॅट ४२ वर असते, आणि पाश्चात्त्य ड्रमचे बहुतेक संच ही मांडणी पाळतात. तबल्याच्या संचांना असा काही सर्वमान्य नियम नाही. एका संचात 'धा' जिथे असेल तिथे दुसऱ्यात 'ती' निघेल, म्हणून संच बदलायचा तर बोलांची पुन्हा जुळवाजुळव करण्याची तयारी ठेवा.

मेलडीसाठी टेक वेगवेगळे ठेवणारा मोड निवडा आणि नंतर चांगले तुकडे जोडा.

क्वांटाइझ करावं की नाही?

करावं, पण १०० टक्के क्वचितच.

क्वांटाइझ म्हणजे सूर जवळच्या मात्रेच्या रेषेवर ओढून बसवणं. ९० च्या लयीत एक मात्रा ६६७ मिलिसेकंदांची आणि तिचा चौथा हिस्सा सुमारे १६७ चा. तुम्ही चार सुरांचा कॉर्ड वाजवलात तर चारही बोटं एकाच क्षणी पडत नाहीत, करंगळी आणि अंगठा यांत सहज १०-१५ मिलिसेकंदांचा फरक असतो. कानाला तो फरक वेगळा ऐकू येत नाही, पण कॉर्ड उलगडल्यासारखा वाटतो तो त्याच्यामुळेच. पूर्ण क्वांटाइझ केलं की चारही सूर एका उभ्या रेषेत उभे राहतात आणि आवाज टाइपरायटरसारखा होतो. त्याऐवजी स्ट्रेंथ ५० ते ७० टक्के ठेवा. फार ढळलेले सूर जवळ येतात, थोडे ढळलेले आपली ऐट राखतात.

ग्रिड निवडताना डोळे उघडे ठेवा. दादऱ्याच्या किंवा स्विंगच्या अंगाने जाणारं वादन सरळ सोळाव्या हिश्शाच्या ग्रिडवर टाकलं तर त्याची चालच मोडते. त्यासाठी ट्रिपलेट किंवा स्विंगचं ग्रिड असतं.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तंतुवाद्यांचे बरेच आवाज हळू उमलतात. सूर बरोबर रेषेवर ठेवलात तरी कानाला तो उशिरा वाटतो, कारण आवाजाचा भरणा नंतर येतो. असे ट्रॅक थोडे आधी सुरू व्हायला हवेत. ट्रॅक डिलेमध्ये उणे ३० किंवा उणे ५० मिलिसेकंद टाकून बघा, काही संचांना याहूनही जास्त लागतात. पियानो रोलवर सगळं चोख दिसतंय आणि तरी व्हायोलिन मागे पडतंय, अशी तक्रार असेल तर ती नव्वद टक्के इथेच मिटते.

माझे व्हायोलिन खेळण्यातल्या कीबोर्डसारखे का वाटतात?

कारण तुम्ही ते पियानोसारखे वाजवता. पियानोचा सूर दाबला की त्याचं नशीब ठरलं, पुढे तो फक्त विरत जातो. गजाचा किंवा फुंकेचा सूर मात्र लागल्यानंतरही वादकाच्या ताब्यात असतो, आणि ऐकणारा कान नेमकं तेच शोधत असतो. मिडीत हे काम कंट्रोलर करतात. बहुतेक ऑर्केस्ट्रा संचांत कंट्रोलर १ म्हणजे मॉड्युलेशनचं चाक सुराचा जोर बदलतं: हळू वाजवलेल्या मुद्रणाकडून जोरात वाजवलेल्या मुद्रणाकडे नेतं, म्हणजे नुसता आवाज नव्हे तर त्याचा पोतही बदलतो. कंट्रोलर ११ म्हणजे एक्स्प्रेशन फक्त आवाज कमी-जास्त करतो.

आठ मात्रांचा एक लांब सूर घ्या. उजव्या हाताने तो दाबून धरा आणि डाव्या हाताने चाक ३० वरून सुरू करून पाचव्या मात्रेपर्यंत ९० ला न्या, आठव्याला पुन्हा ४० वर आणा. एवढ्यानेच आवाज जिवंत होतो. दोन हातांचं काम एकदम जमत नसेल तर आधी सूर रेकॉर्ड करा आणि ओव्हरडबमध्ये दुसऱ्या फेरीत फक्त चाक फिरवा. माउसने वक्र काढता येतो, पण हाताने फिरवलेल्या चाकात जी किंचित थरथर येते ती माउसच्या रेषेत नसते.

लेगाटो (सलग जोडून वाजवलेल्या) आवाजात एक सूर सोडण्याआधी दुसरा दाबावा लागतो, तरच सुरांमधला जोड वाजतो. पियानो रोलवर पट्ट्या एकमेकींवर जराशा चढलेल्या दिसायला हव्यात. क्वांटाइझ करताना सुरांचे शेवटही ओढले गेले तर हे चढणं नाहीसं होतं आणि लेगाटो तुटतो.

एकच सूर भराभर वाजवला की मशीनगन वाटते.

तेच एक मुद्रण पुन्हा पुन्हा वाजतंय. राउंड रॉबिनची सोय असलेल्या वाद्यात त्याच सुराची चार-पाच मुद्रणं असतात आणि ती आळीपाळीने लागतात. ती सोय नसेल तर व्हेलॉसिटी वरखाली करा: ९०, ७४, ८३, ७०. सगळे सूर १२० च्या पुढेच नोंदले जात असतील तर दोष हाताचा असेलच असं नाही. कीबोर्डचा व्हेलॉसिटी कर्व्ह (दाबाला किती जोर मानायचा ते ठरवणारी सेटिंग) बदलून पाहा.

मींड आणि आंदोलन काढता येतं का?

येतं, पण मेहनत आहे. पिच बेंडच्या चाकाला १६,३८४ पायऱ्या असतात, त्यामुळे बारकाव्याची कमतरता नाही. अडतं ते पल्ल्याशी. बहुतेक वाद्यांत हा पल्ला मुळात वर-खाली दोन अर्धस्वरांचा असतो. सा वरून पंचमापर्यंतची मींड म्हणजे सात अर्धस्वर, तेव्हा वाद्याच्या सेटिंगमध्ये पल्ला ७ किंवा १२ करा. मग मात्र चाक जरासं हललं तरी सूर ढळतो, म्हणून पल्ला गरजेपुरताच वाढवा. रेकॉर्ड केल्यानंतर वाद्य बदललंत आणि नव्या वाद्याचा पल्ला वेगळा असला, तर सगळ्या मींडी बेसूर होतात. वाद्य बदललं की सगळ्यात आधी हे तपासा.

साधं बेंड चॅनलवरच्या सगळ्या सुरांना एकदम ओढतं. खाली षड्ज धरून वर मींड घ्यायची असेल तर दोन वेगळे ट्रॅक करा, किंवा एमपीई (मिडीची एक विस्तारित पद्धत) समजणारा कीबोर्ड आणि वाद्य वापरा. त्यात प्रत्येक सुराला स्वतःचं चॅनल मिळतं. सॅम्पलचा आवाज फार ओढला की पातळ आणि प्लास्टिकचा वाटू लागतो. मींडप्रधान कामाला सिंथ किंवा गणिती प्रतिकृतीची वाद्यं जास्त साथ देतात. सतारीची खरी मींड हवी असेल तर खरा सतारिया गाठावा, असंच माझं मत आहे.

मला पांढरी एकमध्येच वाजवता येतं. गायकाला काळी दोन हवी आहे.

पांढरी एकमध्ये वाजवा आणि सॉफ्टवेअरला तीन अर्धस्वर वर न्यायला सांगा. वाजवण्याआधी ट्रान्सपोज लावता येतं, किंवा रेकॉर्ड झाल्यावर सूर निवडून उचलता येतात. यात कमीपणा काही नाही. फक्त ड्रमचे ट्रॅक आणि कीस्विच वगळा. किक ३६ वरून ३९ वर गेली तर तिथे टाळी वाजेल, आणि कीस्विच सरकला तर गजाऐवजी पिझिकाटो (बोटाने तार छेडणं) सुरू होईल.

एखादा सूर अडकून बसतो, थांबतच नाही.

सूर बंद करण्याचा निरोप हरवलाय. सॉफ्टवेअरमधलं पॅनिकचं बटण दाबा, सगळे सूर बंद होतात. पुन्हा पुन्हा तिथेच अडकत असेल तर पियानो रोलच्या खाली कंट्रोलर ६४ ची ओळ उघडा. तो सस्टेन पेडल आहे. तुकडा कापताना पेडल दाबल्याची नोंद राहिली आणि सोडल्याची नोंद कापलेल्या भागात गेली, की पेडल कायमचं दाबलेलंच राहतं. तुकड्याच्या शेवटी शून्याची एक नोंद घाला.

पेडल उलटं चालत असेल, म्हणजे सोडल्यावर सूर लांबत असेल, तर कीबोर्ड बंद करा आणि पेडलवर पाय न ठेवता पुन्हा चालू करा. बरेच कीबोर्ड चालू होतानाच्या स्थितीवरून पेडलची दिशा ठरवतात.

तडतड आवाज येतो, प्रोजेक्ट अडखळतो.

दिलेल्या वेळात बफर भरून होत नाहीये. बफर वाढवा. तरीही तडतड असेल तर वापरून झालेले ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे त्यांचा तात्पुरता ऑडिओ बनवून प्रोसेसर मोकळा करा. पियानोवर पेडल धरून ठेवलं की शंभरावर सूर एकाच वेळी विरत असतात, म्हणून व्हॉइसची (एका वेळी वाजणाऱ्या सुरांची) मर्यादा ६४ वर आणून ऐकून पाहा, फरक बहुधा कळणार नाही. सॅम्पलचे संच एसएसडीवर ठेवा. प्रोसेसरचा एकूण आकडा ३० टक्के दिसतो आणि तरी तडतड होते, तेव्हा एकाच ट्रॅकवर वाद्याबरोबर पाच-सहा जड इफेक्ट बसलेले असतात. एका ट्रॅकची साखळी सहसा एकाच कोअरवर चालते आणि तो एक कोअर दमलेला असतो. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा आणि वीजबचतीचा मोड काढा.

विकत घेतलेलं प्लगइन यादीत दिसत नाही.

स्वरूप जुळतं का बघा. व्हीएसटीसारखीच प्लगइनची आणखी स्वरूपं आहेत: लॉजिक आणि गॅरेजबँडला फक्त ऑडिओ युनिट चालतं, प्रो टूल्सला फक्त एएएक्स. ३२ बिटचं जुनं प्लगइन ६४ बिटच्या सॉफ्टवेअरला सहसा दिसत नाही. विंडोजवर व्हीएसटी३ ची ठरलेली जागा प्रोग्रॅम फाइल्समधल्या कॉमन फाइल्सच्या आतलं व्हीएसटी३ फोल्डर. प्लगइन तिथे असेल तर पुन्हा स्कॅन करा.

मिडीचं ऑडिओ कधी करावं?

वादन मनासारखं झालं की लवकरच. मिडी ठेवून दिली की माणूस सहा महिने तेच सूर मिलिमीटरने सरकवत बसतो. बाउन्स करा (म्हणजे मिडीची ऑडिओ फाइल काढा), मिडीचा ट्रॅक बंद करून ठेवा आणि पुढे चला. बाउन्स करताना शेवटी दोन-चार सेकंद जादा घ्या, नाहीतर रिव्हर्बची (घुमाऱ्याची) शेपटी कापली जाते. शक्य असेल तर रिव्हर्बशिवाय एक प्रत काढा, मिक्समध्ये हात मोकळा राहतो.

आणखीही एक कारण आहे: आजचं वाद्य पाच वर्षांनी नव्या संगणकावर उघडेलच याचा भरवसा नाही, ऑडिओ फाइल मात्र उघडते.

या वाद्यांवर केलेलं गाणं विकता येतं का?

बहुतेक परवान्यांत स्वतःच्या संगीतात वापरायला मुभा असते. सुटे सॅम्पल किंवा त्यांच्यापासून बनवलेला नवा संच वाटायला किंवा विकायला सहसा मनाई असते. मोफत संचांच्या अटी वेगवेगळ्या असतात, त्या वाचा.

दुसऱ्या कोणाला प्रोजेक्ट पाठवायचा असेल तर?

नुसती मिडी फाइल पाठवलीत तर समोरच्याकडे फक्त सूर जातील. तुमचा पियानो त्याच्याकडे नसेल तर त्याला भलताच आवाज ऐकू येईल. प्रत्येक ट्रॅकची २४ बिट वेव्ह (ऑडिओ) फाइल पाठवा, सगळ्या फाइल्स प्रोजेक्टच्या अगदी सुरुवातीपासून काढलेल्या, म्हणजे एकत्र टाकल्या की आपोआप जुळतील. सोबत मिडीही द्या, त्याला एखादा सूर बदलावासा वाटला तर. लय, पट्टी आणि सॅम्पल रेट फोल्डरच्या नावातच लिहा. लय मध्येच बदलत असेल तर टेम्पोचा नकाशा असलेली मिडी फाइल वेगळी काढून द्या, कारण नुसत्या वेव्ह फाइल्सवरून त्याला तो बसवता बसवता दिवस जाईल.